मुलाला काय येते, हे शाळेने तुम्हाला कसे कळवले?

शिक्षण हक्क कायद्यानंतर, २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक (वर्षभर शिकताना होणाऱ्या) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) अशा मूल्यमापनाच्या नोंदी सुरू झाल्या, गुणांच्या जागी श्रेणी आल्या आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहिली जाऊ लागली. तरीही १ मे रोजी प्रगतिपुस्तकावर सही करताना आपल्या मुलाला नेमके काय येते आणि कुठे अडते, हे किती पालकांना कळते? जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील पालकांनी व शिक्षकांनी आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती.

एक आई, अमळनेर तालुका

माझ्या मुलाला दुसरीत गणितात ब-२ श्रेणी मिळाली आणि शेजारी नोंद होती, ‘प्रयत्नशील आहे’. ब-२ म्हणजे ६१ ते ७० टक्के, एवढे मी विचारून घेतले. परंतु उरलेले तीस-पस्तीस टक्के कशात गेले, हे त्या पुस्तकातून समजण्याची सोय नव्हती. तिसरीत नव्या बाई आल्या. कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे पालकसभेला मी जाऊ शकले नाही, तेव्हा संध्याकाळी त्या स्वतः मुलाची वही घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. त्यांनी एक उदाहरण दाखवले: ४७ अधिक ३८, आणि खाली मुलाने लिहिले होते ७१५. सात आणि आठ पंधरा, चार आणि तीन सात, दोन्ही बेरजा बरोबर होत्या. बाई माझ्या सासऱ्यांना अहिराणीत म्हणाल्या, “आबा, पोऱ्याले बेरीज येस, पन हातचा इसरी जास.” दोन वर्षे जे कळले नव्हते, ते त्या एका वाक्यात आम्हा सर्वांना कळले. त्यांनी काड्यांचे दहा-दहाचे जुडगे करून घ्यायला सांगितले. सासऱ्यांनी तुरीच्या काड्या मोडून ते केले आणि रोज रात्री नातवाला घेऊन बसू लागले. शाळेने शिक्षकांना इतर कामांतून थोडे मोकळे केले, तर अशी भेट प्रत्येक घराला मिळू शकेल, असे मला मनापासून वाटते.

एक शिक्षिका, अक्राणी तालुका

आमच्या पाड्यावर घराघरांत पावरी बोलली जाते आणि प्रगतिपुस्तक प्रमाण मराठीत असते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यामुळे १ मेची वाट पाहिली तर निकाल सांगायला घरी कोणीच नसते. एका वडिलांनी अंगठा उमटवून मला विचारले होते, “याला दुकानातला हिशोब जमेल का?” त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता आणि माझ्या श्रेणीत त्याचे उत्तर नव्हते. तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीआधी मी पालकांना वर्गात बोलावते; मूल त्यांच्यासमोर एक उतारा वाचते, वीस रुपयांतून साडेसात रुपये वजा करून दाखवते, आणि जे जमत नाही तेही त्यांच्यासमोरच दिसते. पावरी मला अजून नीट बोलता येत नाही, म्हणून चौथीतली मुलगी मधे बसून सांगते.

एक वडील, जळगाव शहर

आमच्या शाळेचे सर्व काही मोबाइलवर येते: हजेरी, फी, चाचणीचे गुण. वीसपैकी सतरा हा आकडा पाहून आम्ही निश्चिंत असायचो. मार्चमध्ये उत्तरपत्रिका घरी आल्या तेव्हा दिसले, की प्रत्येक चाचणीत गेलेले गुण शाब्दिक उदाहरणांतलेच होते. मुलीला गणित येत होते, प्रश्नाचे वाक्य समजत नव्हते. उत्तरपत्रिका वेळीच दाखवाव्यात, इतकीच अपेक्षा आहे.

एक निवृत्त शिक्षक, शिरपूर

वर्णनात्मक नोंदी सुरू झाल्या तेव्हा बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळू लागल्या आणि वर्गात मुले जास्त असल्यामुळे मीही त्यांतून उतरवून घेतल्या. एके दिवशी एक पालक पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, “गुरुजी, प्रयत्नशील म्हणजे याला काय येत नाही?” तोच शब्द मी निम्म्या वर्गासाठी लिहिला होता, त्या मुलाविषयी वेगळे असे मला काहीही सांगता आले नाही. मी त्यांच्याकडे आठ दिवस मागितले, मुलाला रोज जवळ बसवून वाचायला लावले, आणि नवव्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगितले की जोडाक्षर आले की तो थांबतो. त्यानंतर माझ्या टाचणवहीत प्रत्येक मुलाच्या नावाचे एक पान राहिले.