मदत हवी आहे : एमपीएससी करणाऱ्या भावासाठी सोबतीने व्यायाम

माझा धाकटा भाऊ, वय २३, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एक खाट भाड्याने घेऊन) राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. दिवसभर अभ्यासिकेत बसून असतो. काही महिन्यांपासून झोप उडाली आहे, छातीत धडधडतं, कशातच मन लागत नाही.

डॉक्टरांना दाखवलंय. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन ठीक आहे. समुपदेशन चालू आहे, गोळ्या नाहीत. आत्महत्येचे विचार नाहीत, हे समुपदेशकांनी नीट विचारून घेतलंय. रोज चालायला त्यांनीच सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तेही माहीत आहे. अडचण टिकवण्याची आहे.

जिम लावली, तर तिथे इतरांशी तुलना करून तो आणखीच खचला. सारसबागेत एकटा फेऱ्या मारतो तेव्हा डोक्यात कटऑफच फिरत राहतो. मित्रांबरोबर पर्वती चढून आला की मात्र चेहरा खुलतो, रात्री झोपही लागते. मला तरी वाटतं, त्याला व्यायामाइतकीच सोबतीची गरज आहे. पण मित्र रोज येत नाहीत, आणि एकट्याने गेलं की अभ्यास बुडतोय ही टोचणी.

वेळ सकाळी ८ च्या आत किंवा संध्याकाळी ७ नंतर. गाडी नाही, जास्त फी परवडणार नाही.

पेठांमधून चालत जाता येईल असा, नवख्यांना सामावून घेणारा, स्पर्धा नसलेला चालण्याचा, खेळाचा किंवा टेकडीचा ग्रुप कोणाला माहीत आहे का? आणि परीक्षेच्या तोंडावरही व्यायाम न सोडलेल्यांनी तो नेमका कसा टिकवला?