जुन्या पेपरात 'गुप्त सल्ला, साध्या पाकिटातनं उत्तर' अशी जाहिरात सापडली, हे नेमकं कसं चालायचं?

पेठेतला_वाचक (सातारा)

नमस्कार मंडळी. आमचा शनिवार पेठेतला वाडा उतरवायला काढलाय, माळ्यावरची जुनी ट्रंक खाली घेतली तर तळाला अंथरलेले मुंबईचे इंग्रजी पेपर निघाले, १८९० च्या आसपासचे. पणजोबा कोर्टात कारकून होते त्यामुळं इंग्रजी पेपर घरात येत असणार. एका पानावर निम्म्याच्या वर जागा नुसत्या औषधांच्या जाहिरातींनी भरलीय, हॉलोवेच्या गोळ्या न् मलम, बीचमच्या गोळ्या, आणि कोपऱ्यात एकदम बारीक टायपात लंडनच्या कुणा डॉक्टरची जाहिरात, की नसांचा अशक्तपणा, तरुणपणातल्या चुका, विस्मरण असं काही असेल तर पत्र लिहा, उत्तर साध्या पाकिटातनं येईल, कुणाला काही कळणार नाही. ट्रंकेत एक छोटी बाटलीपण आहे, काचेतच अक्षरं उठवलेली, क्लोरोडाइन.

या गोळ्यांत असायचं काय? न बघता नुसत्या पत्रावर इलाज कसा करायचे? आणि साताऱ्यात बसून माणूस हे मागवू शकत होता का? जाणकारांनी सांगा. मला खरंच समजून घ्यायचंय, कारण हे पान कुणीतरी जपून ठेवलं असेल का हा विचार डोक्यातनं जात नाही.

मिरज_फार्मा

दादा आधी एक, बाटलीत तळाला काही वाळलेलं असेल तर बूच काढू नका आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका. क्लोरोडाइन म्हणजे अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांग-गांजाच्या जातीचा अर्क यांचं मिश्रण. इथल्या ब्रिटिश फौजेत डॉक्टर असलेल्या जॉन कॉलिस ब्राउन यांनी पटकीसाठी (कॉलऱ्यासाठी) काढलं आणि १८५६ पासून लंडनच्या डॅव्हनपोर्टनी विकलं. अफूनं जुलाब थांबतात, दुखणं कळत नाही, झोप लागते, म्हणून लोकांना गुण आल्यासारखं वाटायचं, पण पटकीत माणूस अंगातलं पाणी जाऊन मरतो त्यावर त्यात काहीच नव्हतं. सवय मात्र लागायची. तान्ह्या बाळांना शांत करायची मिसेस विन्स्लोची सिरप होती, त्यात मॉर्फिन! बाळ झोपतं म्हणून आई खूश आणि काही बाळं उठलीच नाहीत. आपल्याकडंपण रानात कामाला जाताना लेकराला अफूची बाळगोळी द्यायची पद्धत होतीच की.

बीचमच्या गोळीत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. बस्स. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९०९ मध्ये अशा कितीतरी औषधांचं पृथक्करण करून छापलं, त्यात ५६ गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग निघाली आणि डबी विकायचे १ शिलिंग दीड पेनीला (साडेतेरा पेनी), म्हणजे शंभरपटीच्या वर. त्यातली ती दीड पेनी सरकारी स्टॅम्पची. प्रत्येक डबीवर कर भरल्याचा स्टॅम्प चिकटवायचा कायदा होता, आणि लोक समजायचे सरकारनं औषध पास केलंय. सरकारनं आत काय आहे ते बघितलेलंसुद्धा नसायचं. १८६८ च्या फार्मसी कायद्यानं विषारी औषधांच्या विक्रीवर बंधनं आणली त्यातनंही पेटंट औषधं, म्हणजे अशी कंपनीच्या नावावर विकली जाणारी तयार औषधं, वगळली होती. फार्मसीच्या माणसाला हे वाचून संताप येतो, कारण लेबलवर घटक छापायची साधी सक्ती असती तरी कितीतरी जीव वाचले असते.

कृष्णाकाठ_इतिहास (सांगली)

फार्मासाहेबांनी उघड विकल्या जाणाऱ्या औषधांचं सांगितलं, आता कोपऱ्यातल्या त्या बारीक जाहिरातीचं बघू कारण माझ्या मते खरा धंदा तिथं होता.

पद्धत अशी असायची. आधी एक पुस्तिका, फुकट किंवा चार-दोन टपाल तिकिटं पाठवली की बंद पाकिटातनं घरपोच. पुस्तिकेत वीर्यनाशाची लक्षणं म्हणून काय दिलेलं? लाज वाटणं, थकवा, आठवण न राहणं, एकटं बसावंसं वाटणं. अहो ही तर कुठल्याही अठरा-वीस वर्षाच्या पोराला असतातच. पण रात्री दिव्याखाली एकटा वाचणारा पोरगा घाबरायचा. फ्रान्सच्या लालमाँ नावाच्या डॉक्टरनं १८३० च्या दशकात मोठमोठे ग्रंथ लिहून या 'रोगाला' वैद्यकीय मान दिला होता, त्यामुळं शिकलेले डॉक्टरसुद्धा पूर्ण खोटं म्हणत नव्हते आणि भोंदूंचं चांगलंच फावलं. मग पुढची पायरी, तुमची सगळी हकिगत पत्रात लिहा, वय, धंदा, सवयी, सोबत फी पाठवा. उत्तर काय येणार हे ठरलेलंच, तुमची केस गंभीर आहे पण वेळ गेलेली नाही, आमचा हा अर्क चालू करा. रोगी न बघता करता येणारं निदान एवढंच असतं.

लंडनमध्ये डॉ. कानचं शरीररचनेचं म्युझियम होतं, मेणाची मॉडेलं, रोगानं झडलेले अवयव दाखवायचे आणि घाबरलेल्या माणसाला तिथंच सल्ल्याला न्यायचे. १८७३ मध्ये खटला होऊन ती मॉडेलं फोडून टाकली. पुढं विजेचे पट्टे आले, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर हार्नेसचं भलंमोठं दुकान होतं, कमरेला बांधा आणि ताकद मिळवा.

आता महत्त्वाचं, लोकांना गुण आला असं वाटायचं तरी का. गरमीची पहिली जखम, म्हणजे सिफिलिसची, औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. रोग अंगात तसाच राहतो, बायकोला, होणाऱ्या मुलाला लागतो, आणि वर्षांनी मेंदू, हृदय धरतो. पण त्या माणसाला वाटायचं गोळ्यांनी बरं वाटलं, आणि तो मनापासून आभाराचं पत्र धाडायचा आणि तेच पत्र पुढच्या जाहिरातीत! खऱ्या डॉक्टरांकडं तरी काय होतं, पारा. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, तोंडातनं लाळ गळायची. आपल्याकडं रसकापूर, म्हणजे पाऱ्याचंच औषध देऊन वैद्य तेच करायचे. पहिलं कामाचं औषध साल्व्हर्सान १९१० मध्ये बाजारात आलं आणि पेनिसिलिन गरमीवर वापरलं १९४३ मध्ये. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या काळी खरा इलाज जगात कुणाकडंच नव्हता, हे ध्यानात घेऊन त्या पाकिटाकडं बघा.

साताऱ्यात यायचं का? बिनधास्त यायचं. १८७७ ला व्ही.पी. सुरू झाली, पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे आणि पुडकं घ्यायचं. त्यामुळं दुकानात जाऊन तोंड दाखवायची गरजच संपली, आणि पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात तिथं याचं मोल केवढं असेल बघा. हॉलोवे तर आपल्या औषधांची माहितीपत्रकं चिनीसकट कितीतरी भाषांत छापायचा, वर्षाला पन्नास हजार पौंड नुसत्या जाहिरातींवर.

वाईची_लेक

सगळे पुरुषांचंच बोलताय म्हणून लिहिते. त्याच पानावर बायकांसाठीच्या गोळ्यांची जाहिरातपण असेल बघा, 'अडथळे दूर करणाऱ्या' किंवा 'अनियमितपणा घालवणाऱ्या'. वाचणारीला अर्थ बरोबर कळायचा, पाळी चुकलीय आणि मूल नकोय. यात बऱ्याचदा नुसता जुलाब, काहींत पुदिन्याच्या जातीचं विषारी तेल, आणि काही बायका तर शिशाच्या गोळ्या घ्यायच्या, त्यानं गर्भ पडायचा पण शिसं बाईच्यापण अंगात भिनायचं.

आणि फसवणूक तिथंच थांबत नव्हती. इंग्लंडात क्राइम्स नावाचे तीन भाऊ 'लेडी माँट्रोझ'च्या नावानं अशा गोळ्या विकायचे, मागवणाऱ्या बायकांचे पत्ते सगळे जमवून ठेवले, आणि १८९८ मध्ये हजारो बायकांना पत्रं धाडली की तुम्ही गुन्हा केलाय, आमच्याकडं पुरावा आहे, दोन पौंड दोन शिलिंग पाठवा नाहीतर अटक होईल. बायकांनी दिले हो पैसे! कुणाला विचारणार, नवऱ्याला? पोलिसाला? भाऊ शेवटी पकडले गेले, दोघांना बारा-बारा वर्षं झाली. पण मला राहून राहून त्या बायकांचं वाटतं, गोळीनं काही झालं नव्हतं तरी पत्र हातात पडल्यावर त्यांचा जीव कसा झाला असेल. 'कुणाला कळणार नाही' असं म्हणणाऱ्याकडंच सगळं लेखी गेलेलं असतं, आणि तो त्याचाच पैसा करतो.

पेठेतला_वाचक (सातारा)

बाप रे. ताई, तुम्ही म्हणताय तशी जाहिरात खरंच आहे त्या पानावर, मला वाटलं पोटाच्या तक्रारीची असेल.

पण एक विचारू का, एसटी स्टँडच्या मुतारीत आणि हायवेच्या भिंतींवर 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' लिहिलेलं असतंच ना आजपण. याला कायदा नाही का?

मिरज_फार्मा

आहे की. इंग्लंडात १८८९ लाच अशा जाहिराती भिंतींवर लावायला बंदी आली, आणि आपल्याकडं १९५४ चा औषधे व जादूटोणासदृश उपाय जाहिरात कायदा आहे, त्यात लैंगिक दुर्बलता, गुप्तरोग, गर्भपात यांवरच्या औषधांची जाहिरात करणंच गुन्हा. पण तक्रार करायला कुणी पुढं यायला तर पायजे, तिथंच सगळं अडतं. आता भिंतीची जागा मोबाईलनं घेतलीय. दुकानात मागं एक पोरगा आला होता, लग्न ठरलेलं, ऑनलाइन कुणाशीतरी चॅट करून आठ हजारांची पावडर मागवलेली आणि मला हळूच विचारतोय हे चालंल का. पुडीवर घटकच नाहीत! त्याला त्रास काय तर झोपेत वीर्य जातं, जे निसर्गानं सगळ्यांना होतं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये या भीतीला धात सिंड्रोम नाव दिलं, भीतीचा आजार आहे हा, बोलून बरा होतो.

अशा कुणालाही सिव्हिलला पाठवा. तिथं 'सुरक्षा क्लिनिक' असतं, गुप्तरोगाची तपासणी, औषध, समुपदेशन सगळं फुकट, आणि माहिती बाहेर जात नाही. केसपेपरच्या खिडकीवर मोठ्यानं काही सांगायची गरज नाही, नुसतं सुरक्षा क्लिनिक कुठं आहे एवढंच विचारायचं. आणि बायकोचीपण तपासणी करायला सांगतात, तेव्हा दोघांनी मिळून गेलेलं बरं.