गवसणे, गवसणी आणि ‘खंय गावली तुका?’

चवथीआधी माळा झाडायला काढला होता. वेंगुर्ल्यापासून थोडं आत आमचं घर. माळ्यावर जुन्या लुगड्याचं एक गाठोडं वर्षानुवर्षं पडून आहे. लहानपणी त्याला टेकून आम्ही आंबे खायचो. यंदा ते सोडलं, तर आत गोधडीसारखी टीप घातलेली लांबट पिशवी निघाली. खाली भोपळ्याएवढा घेर, वर निमुळती होत गेलेली, तोंडाशी नाडी. आतेने बघितलं मात्र, “अगो, ही तर तंबोऱ्याची गवसणी! खंय गावली तुका?” (म्हणजे आमच्या मालवणीत, कुठे हाती लागली तुला?)

पिशवीला आतून खिसा होता. खिशात पितळी तारेचं हिरवं पडलेलं वेटोळं आणि दोन बोटं लांबीचा सुती दोरा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली असा दोरा सरकवून जवारी लावतात. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून झंकार उमटत राहतो. हा दोरा कुणीतरी पुढच्या बैठकीसाठी जपून ठेवला होता, आणि आम्ही त्यावर डोकं टेकून झोपत होतो.

तेव्हापासून आतेचं वाक्य डोक्यात घोळतंय. गवसणी म्हणजे वाद्याची खोळ. ‘आकाशाला गवसणी घालणे’ म्हणताना आपण आभाळाला खोळच घालत असतो. आणि गवसणे म्हणजे हाती लागणे. मग ती मला गवसली, सापडली, मिळाली की गावली?

मला वाटतं ते असं. ‘मिळणे’त देणारा कुणीतरी असतो: पगार मिळतो, बाजारात सुरमई मिळते. (सूर मिळतो, नदी समुद्राला मिळते, तो एकरूप होण्याचा अर्थ वेगळा.) हरवलेलं ‘सापडतं’; चोर सापडतो, माणूस कात्रीतही सापडतो. ‘गवसणे’ला मात्र आधीचा ध्यास लागतो. गायकाला षड्ज गवसतो तो रियाजानंतर. वर्तमानपत्रांनी दर सामन्यात ‘फलंदाजाला सूर गवसला’ छापून शब्द झिजवला, तरी तिथेही आधीचे चारदोन अपयशी डाव गृहीत असतातच.

आमच्याकडे घरात यातलं काहीच म्हणत नाहीत. मासे गावतात, कुर्ल्यो (खेकडे) गावतात, पावसात वारुळावर अळंबी गावतात, एष्टी गावता, आणि आता ‘रेंज गावना नाय’. शोधलं असो वा नसो, हाताला लागलं की गावलं. तुमच्याकडे कसं म्हणतात?

प्रतिसाद, कुडाळहून: ‘गवसणे’ची ओढ संस्कृत ‘गवेषण’कडे जाते. गो आणि एषण, म्हणजे मुळात गायी शोधणं. संध्याकाळी गुरं परत आली आणि एक कमी निघाली, की बत्ती घेऊन सड्यावर हाका मारत हिंडलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आणि गोठ्यावरून आठवलं. आमच्या पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी चित्रकथीच्या जुन्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या सांभाळल्या, आपल्या गोठ्यातच त्यांचं संग्रहालय केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एकेक चित्र समोर धरून, वीणा-हुडूक-टाळाच्या साथीने ठाकर मंडळी त्या कथा गात आली. ते चित्र गाण्याशिवाय बघणं म्हणजे निम्मंच बघणं, असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद, पेडण्याहून: तेरेखोल ओलांडून इकडे या, गंमत कळेल. आमच्या कोंकणीत ‘गावप’ म्हणजे गाणं म्हणणंही. तुमच्या आतेने ‘गावली’ म्हटलं तेव्हा मला क्षणभर तंबोराच ऐकू आला.

ध्यासाचा मुद्दा मात्र पटला. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर बघा. त्यांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. पण ती निवडल्यावर मूळ ध्वनिमुद्रिकाच कुठे मिळेना. बरंच हिंडल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तीन कोऱ्या प्रती निघाल्या. इथे ‘सापडली’ थिटा पडतो. ‘गवसली’च म्हणायला हवं. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला. बाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला.

पुन्हा मी: केसरबाईंचं वाचून अंगावर काटा आला. यानावरच्या त्या तबकडीलाही ॲल्युमिनियमचं आवरण आहे, म्हणजे गाण्याला गवसणी तिथेही आहेच.

पण दुकानदाराच्या बाजूने बघितलं तर? त्याच्यासाठी ते खोकं रोजचंच. आमचं गाठोडंही तसंच. हरवलं नव्हतं, म्हणून ‘सापडलं’ नाही, आणि शोधत नव्हतो, म्हणून ‘गवसलं’ नाही. डोळ्यांसमोर असून न दिसलेल्या वस्तूला आतेचा ‘गावली’च बसतो. यात व्याकरणाचीही एक गोष्ट आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. ‘मी शोधलं’ म्हणतो, तिथे कर्ता मी. पण ‘मला सापडलं’, ‘मला गवसलं’, ‘माका गावला’ यांत येते ती वस्तू. मी नुसती तिच्या वाटेवर उभी. शोधणं माझ्या हातातलं, गवसणं तिच्या मर्जीतलं. आपली भाषा हे रोजच्या बोलण्यात इतकं सहज सांभाळते, की ते आपल्या ध्यानातही येत नाही.

रत्नागिरी-रायगडकडच्यांनी ‘गावणे’बद्दल जरूर लिहा, तिथेही मासे गावतात का?

गवसणी धुऊन खळ्यात उन्हात घातली आहे. दोरा परत खिशात ठेवला. तंबोरा एका भजनी मंडळाला दिला होता, एवढंच आतेला आठवतं. पंचक्रोशीत चौकशी चालू आहे. गावलो काय सांगतंय.