मदत हवी आहे: बिनशाईचे ठसे वाळताना सपाट होतायत

नमस्कार मंडळी. सध्या एका रेसिडेन्सीत (कलाकारांना राहून काम करायची जागा) मुद्राचित्रांची मालिका करतोय. विषय कथा-कादंबऱ्यांतून सुचला: सगळं दिसत असूनही हाताची घडी घालून बसलेले नागरिक. जर्मन मुद्राचित्रकार केथे कोलविट्झनं १८९३ ते १८९७ मध्ये बंड करणारे विणकर छापले, मला न उठणारे छापायचेत. म्हणून शाई नाही, कागदावर नुसता उठाव (कोटी आपोआप झाली!).

लिनो (कोरायचा मऊ लिनोलियमचा पत्रा) खोल कोरलाय, ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद भिजवून एचिंग प्रेसवर (रुळानं दाब देणारं छपाईयंत्र) ठसा काढतो. ठसा सुरेख येतो, पण ब्लॉटरमध्ये (टिपकागदांत) वजनाखाली वाळवला की चेहरे बसतात. वजन न ठेवावं तर कागद वाकतो. ओला कागद कडांना टेप लावून फळीवर कुणी वाळवलाय का? कडा फाटतात का? आणि दाब वाढवला तर लिनो पसरेल का?