हिगिन्सच्या पैशात दोन गार्ड आले असते: बरोपुढच्या भिंतीवर भांडायला या

मेसनकर

अकरा वर्षं झाली सिनसिनाटीशेजारच्या मेसनमध्ये राहतोय. आलो तेव्हा हा अमेरिकन फुटबॉल म्हणजे शिरस्त्राणं घालून केलेली रेटारेटी वाटायची. आता रविवारी दुपारी घरात कुणी मला हाक मारत नाही, कारण मी ओ देत नाही.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. त्याच्यापुढे भिंतीसारखे पाच धिप्पाड गडी असतात: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायचे, एवढंच त्यांचं काम. ते जमलं नाही की समोरचे येऊन त्याला चेंडूसकट लोळवतात, त्याला सॅक म्हणतात. आणि पगारांना मर्यादा आहे, सगळ्या संघांना सारखी. २०२५ साली ती २७.९२ कोटी डॉलर होती. म्हणजे मालक कितीही गब्बर असला तरी एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कापावं लागतं.

आता दुखणं. जो बरो या क्वार्टरबॅकला आम्ही, म्हणजे सिनसिनाटी बेंगल्सने, २०२० च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातल्या पोरांची संघांनी आळीपाळीने करायची निवड) पहिल्या क्रमांकावर घेतला. नोव्हेंबरात त्याचा गुडघा गेला. पुढच्या वर्षी पाचव्या क्रमांकाची निवड हातात होती आणि पेनेई सूएल नावाचा टॅकल समोर होता. आम्ही घेतला जमार चेस, चेंडू झेलणारा. चेस सोनं निघाला, वाद नाही. पण त्या हंगामात बरो ५१ वेळा लोळवला गेला. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, टेनेसीने नऊ सॅक केले तरी आम्ही जिंकलो आणि सगळ्यांना वाटलं, भिंतीवाचून चालतं! सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, सात सॅक झाले. शेवटच्या चेंडूवर रॅम्सच्या आरन डॉनल्डने बरोला धरून गरगर फिरवला आणि २३-२० ने गेलो. तो चेंडू मी अजून पुन्हा पाहिलेला नाही.

मग जाग आली. २०२२ मध्ये ला'एल कॉलिन्स, अलेक्स कॅपा, टेड कॅरस असे तीन एकदम विकत आणले. कॅन्सस सिटीविरुद्धच्या उपांत्य सामन्यापर्यंत कॉलिन्स, कॅपा आणि आपला जुना जोना विल्यम्स असे तिघे जखमी. २०२३ मध्ये ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर, चार वर्षं ६.४ कोटी. आणि मार्च २०२५ मध्ये चेसला चार वर्षांचे १६.१ कोटी, टी हिगिन्स या दुसऱ्या झेलणाऱ्याला चार वर्षांचे ११.५ कोटी. त्याच महिन्यात गार्ड कॅपाला नारळ दिला. त्याच्या जागी स्वस्तातला लूकस पॅट्रिक आणला, तो पहिल्याच सामन्यात जायबंदी. दुसऱ्या सामन्यात, १४ सप्टेंबरला, बरोच्या पायाचा अंगठा गेला.

माझं म्हणणं सरळ आहे. हिगिन्सचे वर्षाला २.८७ कोटी होतात. त्याच बाजारात मिनेसोटाने विल फ्राइज हा गार्ड वर्षाला १.७६ कोटींनी घेतला आणि केविन झाइटलर टेनेसीला एका वर्षासाठी ९० लाखांत गेला. दोघे मिळून २.६६. हिगिन्सला टॅग लावून (करार संपलेल्याला एक वर्ष अडवून ठेवायचा संघाचा हक्क) विकायचा, हे दोघे आणायचे आणि वर ड्राफ्टची निवड खिशात टाकायची. कुठे चुकतोय मी?

सोमवार_पहाट

पुण्याहून लिहितोय. आमचा सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो, त्यामुळे जो कोणी हे बघतो तो हौशी नाही, व्यसनी आहे.

मेसनकर, तुम्ही २०२४ सोयीस्कर विसरलात. याच 'पडक्या' भिंतीमागे बरोने फेकीवर ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकापर्यंत पोचवणं) केले. दोन्हींत लीगमध्ये पहिला. चेसने झेल, यार्ड आणि टचडाउन, तिन्हींत पहिला नंबर काढला. तरी संघ ९-८, म्हणजे नऊ जिंकले, आठ हरले. का? बचाव फळी चाळणी होती म्हणून. पैसे काढायचेच होते तर तिकडे घालायचे.

दुसरं, सॅक ही फक्त भिंतीची चूक नसते. बरो चेंडू धरून ठेवतो, कारण त्याला खात्री असते की अजून अर्धा सेकंद थांबलो तर हिगिन्स मोकळा होईल. टॉम ब्रॅडी चेंडू हातात आला की सोडून द्यायचा, त्यामुळे त्याच्यापुढची सामान्य भिंतसुद्धा चांगली दिसायची. झेलणारा काढून घेतलात तर बरो चेंडू आणखी वेळ धरेल आणि तुमचे नवे कोरे गार्डही नापास दिसतील.

आणि फ्राइजचा २०२४ मध्ये पाय मोडून हंगाम संपला होता, झाइटलर पस्तिशीचा. २०२२ मध्ये हेच केलं होतं ना? पाचातले तीन दवाखान्यात.

हिशेबनीस

आधी एक दुरुस्ती, मग मुद्दा. तुम्ही २.८७ कोटी म्हणता ती वर्षाची सरासरी. मर्यादेत त्या वर्षी धरली जाते ती रक्कम वेगळी असते. करारावर सही करताना जो बोनस हातात देतात, तो हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येतो. समजा तीन कोटी बोनस दिला. खेळाडूच्या खात्यात तो आज पडतो, मर्यादेत मात्र दरवर्षी साठ लाखच दिसतात. दोन वर्षांनी त्याला काढलात तर उरलेले १.८० कोटी मानगुटीवर बसतात. याला तिकडे 'डेड मनी' म्हणतात. गाडी विकली तरी हप्ते चालूच, तसं.

म्हणून 'मर्यादेमुळे जमलं नाही' हे ऐकलं की मला हसू येतं. फिलाडेल्फियाने हीच हप्त्यांची युक्ती इतकी ताणली की झेलणारेही राखले आणि भिंतही राखली. सिनसिनाटीची अडचण रोकड आहे. पुढच्या वर्षांचे पैसे हमीने कबूल केले की लीगच्या नियमाप्रमाणे ते आधीच बाजूला काढून ठेवावे लागतात. बाकीच्या मालकांचे तेलाचे, तंत्रज्ञानाचे, किरकोळ विक्रीचे धंदे आहेत. ब्राउन घराण्याचा धंदा म्हणजे हाच संघ, १९६८ पासून, पॉल ब्राउन यांच्यापासून. म्हणून हमी कमी, बोनस कमी आणि प्रत्येक करार महिनोन् महिने रखडलेला.

तुमचे दोन गार्ड आले असते हो. पण हिगिन्स राहूनही एक तरी आलाच असता.

कव्हर_कॉर्नर

मी सांगलीकडचा, आठ वर्षं कबड्डी खेळलोय, त्यातली पाच साखळीत. तुम्ही सगळे पैशावर बोलताय म्हणून जरा मातीतलं सांगतो.

साखळीत हात धरलेल्या दोघांना एकमेकांचा श्वास कळावा लागतो. चढाईवाला बोनसकडे झुकला की कॉर्नर कधी सुटणार, हे कव्हरला न बघता कळतं. असे गडी लिलावात मिळत नाहीत. दोन नावाजलेले उचलून आणलेत तरी पहिला हंगाम 'तू जा, मी थांबतो' यातच जातो. या गार्ड-टॅकलचं तेच. समोरचे दोघे आडवे जागा बदलत आले की कोण कुणाला घेणार हे क्षणात ठरतं. तिथं एक जण चुकला की बाकी चौघांची मेहनत पाण्यात.

मागं एकदा पाहिलं होतं, फिलाडेल्फियाचा डावा टॅकल जॉर्डन मायलाटा. ऑस्ट्रेलियात रग्बी खेळायचा. २०१८ ला सातव्या फेरीत घेतला तेव्हा त्यानं हा खेळ कधी खेळलेलाच नव्हता. जेफ स्टाउटलंड नावाच्या वस्तादानं त्याला घडवला. पहिली दोन वर्षं एक सामना नाही. आणि हिशेबनीस साहेब, एक सांगा: वस्तादाचा पगार त्या मर्यादेत धरतात का?

हिशेबनीस

नाही. प्रशिक्षकांचा एक डॉलरही मर्यादेत येत नाही. लाख बोललात.

मेसनकर

सोमवार_पहाट, ४,९१८ यार्ड मान्य. पण ते करताना त्याने ४८ सॅक सोसले, हेही लिहा की. गुडघा, मनगट, अंगठा. क्वार्टरबॅकला पाच वर्षांचे २७.५ कोटी द्यायचे आणि त्याच्यापुढे दरवर्षी नवा भाडेकरू उभा करायचा, हे माझ्या डोक्यात बसत नाही.

कव्हर_कॉर्नर, साखळीचं पटलं. (दहीहंडीचा तळचा थर अजून कुणी आणला नाही याबद्दल मंडळाचे आभार.) पण विकत घेऊन जमतच नाही असं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टॅम्पाने कॅन्सस सिटीला ३१-९ ने धुतलं, कॅन्ससचा क्वार्टरबॅक माहोम्स अख्खा सामना जीव मुठीत धरून पळत होता. दोन्ही टॅकल जखमी होते. पुढच्या काही आठवड्यांत कॅन्ससने दोघांनाही सोडलं. जो थूनी हा गार्ड पाच वर्षं आठ कोटींना आणला आणि ब्राउन ज्युनियरसाठी पहिल्या फेरीची निवड मोजली. दोन वर्षांनी सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया समोर, ज्यांनी हंगामात ७० सॅक केले होते. त्या सामन्यात माहोम्सला एकही सॅक नाही.

ओहायोची_सून

अहो, पण गोष्ट अर्धीच सांगताय. त्याच वर्षी कॅन्ससने ड्राफ्टमध्ये ६३ व्या क्रमांकावर क्रीड हम्फ्री घेतला आणि सहाव्या फेरीत, २२६ वा, ट्रे स्मिथ. फुप्फुसात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या म्हणून त्याला बाकीच्यांनी टाळलं होतं. ते दोघे पहिली काही वर्षं कवडीमोलाने खेळले म्हणून थूनी परवडला. आणि आपण? सूएल सोडला ते सोडलाच, दुसऱ्या फेरीत ३८ व्या क्रमांकावर होतो तर मागे सरकून ४६ व्या क्रमांकावर जॅक्सन कार्मन घेतला. सतरा जणांनंतर हम्फ्री गेला. यात पगाराच्या मर्यादेचा काय संबंध? दोघांचा पगार जवळपास सारखाच.

आमच्या सासऱ्यांचं या संघावर तीस वर्षांचं प्रेम आहे आणि त्यांची एकच तक्रार, नजर नाही. २०१५ मध्ये पहिल्या फेरीत टॅकल सेड्रिक ओबुएही, दुसऱ्या फेरीत पुन्हा टॅकल, जेक फिशर. त्यांच्या भरवशावर २०१७ मध्ये अँड्र्यू व्हिटवर्थला, पस्तिशी गाठली म्हणून, जाऊ दिलं. तुम्ही ९० लाखांत परत आणायला निघालात तो झाइटलरही आपलाच होता. २०१२ ला पहिल्या फेरीत घेतलेला, तोही त्याच वर्षी गेला. दोघे एकाच मार्चमध्ये गेले आणि पोरं उभी राहिली नाहीत. २०१८ ला सेंटर बिली प्राइस, पहिली फेरी, तोही फुकट.

म्हणून मला हिगिन्सला दिल्याचं वाईट वाटत नाही. निदान तो खेळतो. हेच ११.५ कोटी याच मंडळींनी गार्डांवर घातले असते तर त्यांनी कोणते दोन आणले असते, याची मला जास्त धास्ती आहे.

सोमवार_पहाट

ताई, शंभर टक्के. फक्त सूएलच्या नावाने रडू नका. चेसशिवाय तो सुपर बोलच नव्हता.

ओहायोची_सून

सूएलच्या नावाने नाही रडत. डेट्रॉइटने सातव्या क्रमांकावर तो घेतला आणि त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत आमोन-रा सेंट ब्राउन उचलला, हे बघून रडते. झेलणारे खालच्या फेऱ्यांत मिळतात हो. तसे टॅकल क्वचित मिळतात. मायलाटा दरवर्षी सापडत नाही.

हिशेबनीस

कॅन्ससची पुढची पानंही वाचा. हम्फ्री आणि स्मिथ स्वस्तातले राहिले नाहीत. जुलै २०२५ मध्ये स्मिथला चार वर्षांचे ९.४ कोटी द्यावे लागले आणि त्याआधी मार्चमध्ये थूनीला चौथ्या फेरीच्या एका निवडीवर शिकागोला देऊन टाकलं होतं. त्याआधीच्या हंगामाच्या शेवटी त्याच थूनीला गार्डच्या जागेवरून उचलून डाव्या टॅकलला उभं केलं होतं, कारण टॅकल उरलाच नव्हता. निकाल: सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाकडून ४०-२२ ने हार, सहा सॅक. आणि फिलाडेल्फियाने त्या सामन्यात क्वार्टरबॅकवर जादा माणूस एकदाही सोडला नाही, नेहमीचे चौघेच पुरले.

शिकागोचं मात्र बघा. २०२४ मध्ये केलेब विल्यम्स ६८ वेळा लोळला होता. थूनी, जोना जॅक्सन आणि सेंटर ड्रू डॉलमन असे तिघे एकदम आले, वर बेन जॉन्सन प्रशिक्षक म्हणून आला. पुढच्या हंगामात तो आकडा निम्म्याहून खाली. म्हणजे विकत घेऊनही जमतं. पण तिथे क्वार्टरबॅक अजून पहिल्या, स्वस्त करारावर आहे. बरोच्या संघाला ती सवलत संपली.

कव्हर_कॉर्नर

मग वस्तादाकडंच या की. तुमच्याकडं आता अमेरियस मिम्स आहे, कॉलेजात फक्त आठ सामने सुरुवातीपासून खेळलेला. तिसऱ्या फेरीतला डिलन फेअरचाइल्ड आहे. पोरं दांडगी दिसतात. २०२५ ला जुना वस्ताद फ्रँक पॉलॅक गेला, स्कॉट पीटर्स आला. त्याला तीन वर्षं हात लावू नका. दर दोन वर्षांनी वस्ताद बदलला तर पोरानं पाय कुठला आधी टाकायचा?

मेसनकर

तीन वर्षांनी बरो तिशी ओलांडून किती पुढे गेलेला असेल, याचा हिशेब मीच करतो, तुम्ही नका करू.

सूनबाई म्हणतात ते मानतो, आमच्या मंडळींची नजर चांगली असती तर हा धागाच निघाला नसता. तरी हिगिन्सबद्दल मत बदललेलं नाही. ज्याची नजर कच्ची आहे त्यानेच तर पारखून झालेला माल घ्यावा. थूनी, झाइटलर हे आठ-दहा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खेळलेत. त्यांना ओळखायला नजर कशाला लागते?

ओहायोची_सून

व्हिटवर्थही अकरा वर्षं डोळ्यांसमोरच होता. तुम्ही हरलात त्या सुपर बोलमध्ये रॅम्सचा डावा टॅकल कोण होता, आठवतंय ना? चाळिशीचा झाला होता.

मेसनकर

आठवतंय. इथे आल्यावर पहिली जर्सी घेतली ती त्याचीच, ७७ नंबर. अजून कपाटात आहे, आमच्याच रंगाची.