राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आजही १९७१ ची लोकसंख्या का मोजायची?

वारणाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. गेल्या आठवड्यात नागरिकशास्त्राचा अभ्यास करताना तिला राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील आमदारांचे मतमूल्य कसे काढतात हे समजून घ्यायचे होते, म्हणून जेवणाच्या टेबलावरच वही उघडून आम्ही दोघांनी ते गणित मांडले. राज्याची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, तिला २८८ आमदारांनी भागायचे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा १,००० ने भागायचे. उत्तर आले १७५.०४, म्हणजे महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५. गणित बरोबर आले म्हणून मी खूश झालो, पण तिची पेन्सिल पहिल्याच आकड्यावर थांबली होती. "बाबा, महाराष्ट्राची लोकसंख्या अकरा कोटींच्या वर आहे ना? मग हे पाच कोटी कुठले?"

हे पाच कोटी १९७१ च्या जनगणनेतले आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा आकडा गोठवला आणि पुढे ८४ व्या घटनादुरुस्तीने त्याची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. म्हणजे २०२२ साली द्रौपदी मुर्मू निवडून आल्या तेव्हा ज्या लोकसंख्येच्या आधारे मते मोजली गेली, त्या लोकसंख्येत माझा समावेश नव्हता, कारण माझा जन्मच १९७९ चा आहे. त्या निवडणुकीत मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ इतक्या मूल्याची मते मिळाली. एवढ्या मोठ्या फरकात नवे आकडे धरले असते तरी निकाल बदलला नसता, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप तत्त्वाचा आहे. राष्ट्रपती हे पद सगळ्या देशाचे आहे, राज्यघटनेच्या ५५ व्या अनुच्छेदात राज्यांच्या प्रतिनिधित्वात शक्यतो एकसारखेपणा असावा असे म्हटले आहे, आणि तरीही आपण पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांची संख्या धरून चाललो आहोत. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा अधिसूचित झाला आहे आणि विद्यमान राष्ट्रपतींची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. माझ्या मते आता हा आकडा मोकळा करावा. येथील जाणकारांना काय वाटते?

मैलापूरची मराठी

दादा, तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे, परंतु तुम्ही काढलेल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. त्याचे कारण मी बावीस वर्षे जिथे राहते त्या चेन्नईत आहे.

आमच्या शेजारी एक आजी राहतात, वय ऐंशीच्या पुढे. त्या तरुणपणी आरोग्य खात्यात परिचारिका होत्या आणि तंजावर जिल्ह्यातील खेड्यांतून घरोघरी जाऊन कुटुंबनियोजनाचे काम करीत असत. लाल त्रिकोणाचे चित्र असलेली त्यांची कापडी पिशवी अजून कपाटात जपून ठेवलेली आहे. ती पिशवी खांद्याला लावून बांधावरून चालताना सासवा कशा अंगावर धावून येत, दार कसे लावून घेत, आणि तरीही पुन्हा पुन्हा त्याच दारात जाऊन बसावे लागे, हे त्यांनी मला कितीतरी वेळा सांगितले आहे. मुले कमी झाली तर राज्याचे दिल्लीतले वजन कमी होईल, असे कोणी त्या वेळी सांगितले असते, तर वरच्या अधिकाऱ्यांनी त्यांना त्या दारांत पाठवलेच नसते, असे त्या म्हणतात.

ही भीती केंद्र सरकारलाही ठाऊक होती. १६ एप्रिल १९७६ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणातच प्रतिनिधित्वासाठी १९७१ चे आकडे २००१ पर्यंत कायम राहतील असे सांगितले होते. तेव्हा ही गोठवणूक प्रशासकीय आळसातून झालेली नाही. ते एक वचन होते, आणि त्यावर विश्वास ठेवून काही राज्यांनी काम केले. आणीबाणीत या धोरणाच्या नावाखाली जे अत्याचार झाले त्यांचे समर्थन मी मुळीच करीत नाही. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. परंतु तमिळनाडू आणि केरळमध्ये नंतरच्या काळात जननदर उतरला तो मुख्यतः मुलींच्या शिक्षणामुळे आणि गावातल्या दवाखान्यांमुळे. त्याची शिक्षा म्हणून त्या राज्यांच्या आमदारांचे मत हलके करायचे का, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका स्त्रीला सरासरी होणारी मुले) १.७ होता, म्हणजे तमिळनाडू आणि केरळच्या १.८ पेक्षाही कमी. त्याच वेळी उत्तर प्रदेशचा २.४ आणि बिहारचा ३ होता. तेव्हा हा वाद दक्षिणेचा आहे, आपला नव्हे, असे समजून मराठी माणसाने गप्प बसू नये.

राजापूरकर

ताईंचे म्हणणे मला पटते, पण मला ही गोष्ट वेगळ्या बाजूने दिसते, कारण आमच्या भागाने लोकसंख्येच्या नव्या आकड्यांची किंमत आधीच मोजली आहे.

राज्याराज्यांतील जागांचे वाटप १९७१ वर गोठलेले असले, तरी राज्याच्या आतली मतदारसंघांची पुनर्रचना २००१ च्या जनगणनेनुसार झाली आणि ती २००८ पासून लागू झाली. त्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभेचा मतदारसंघच राहिला नाही. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधू दंडवते यांनी लोकसभेत ज्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले तोच हा मतदारसंघ. माझ्या वडिलांना नाथ पैंच्या सभा आठवत, आणि मतदारसंघाचे नाव गेल्याचे त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत राहिले. रत्नागिरी आणि राजापूर या दोन जागांच्या ठिकाणी रत्नागिरी-सिंधुदुर्ग ही एकच जागा आली, दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले, आणि विधानसभेच्या खेड, संगमेश्वर, मालवण, वेंगुर्ले या जागा नकाशावरून गेल्या. राज्याचे आमदार २८८ च राहिले. कोकणातून गेलेल्या जागा ठाणे, पुणे अशा वाढत्या भागांकडे वळल्या.

हे का झाले ते आमच्या वाडीत येऊन पाहावे. पंधरा घरांपैकी नऊ घरांना कुलूप असते. ती उघडतात गणपतीत आणि शिमग्याला. जनगणनेचा माणूस येतो तेव्हा तो मोजणार कोणाला? २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्यक्षात घटली. माणसे नाहीशी झाली नाहीत, ती विरार, नालासोपारा, दिवा येथे जाऊन मोजली गेली.

म्हणून माझा मुद्दा असा आहे की, केवळ डोकी मोजून वजन ठरवायचे असे एकदा मान्य केले की ज्या मुलखातून माणसे पोटासाठी बाहेर पडतात त्या मुलखाचा आवाज प्रत्येक जनगणनेला कमी होत जातो, आणि आवाज कमी झाला की रस्ते, बंदरे, दवाखाने मागे पडतात, मग आणखी माणसे बाहेर पडतात. तरीही सगळे कायमचे १९७१ वर ठेवावे असे मी म्हणणार नाही. राज्याच्या आत आम्हाला २००१ चा नियम लावायचा आणि राज्याराज्यांत मात्र १९७१ चा, हा दुटप्पी न्याय आहे, आणि तो कोणत्या तत्त्वावर उभा आहे हे आम्हाला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

खतावणी

मी आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केली, म्हणून आधी आकडे मांडतो आणि मग मत सांगतो.

२०२२ च्या निवडणुकीत सर्व आमदारांचे एकूण मतमूल्य ५,४३,२३१ होते. त्यात महाराष्ट्राचे २८८ गुणिले १७५, म्हणजे ५०,४००. हा वाटा सुमारे ९.२८ टक्के होतो. आता २०११ ची जनगणना धरा. महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ आणि देशाची सुमारे १२१ कोटी, म्हणजे वाटा पुन्हा सव्वानऊ टक्क्यांच्याच आसपास. मूळ प्रश्न विचारणाऱ्यांनी आणि मैलापूरच्या ताईंनी, दोघांनीही हे लक्षात घ्यावे अशी माझी विनंती आहे. आकडा मोकळा केला तरी महाराष्ट्राला त्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही आणि काही जातही नाही. आपल्याकडे जन्म कमी झाले, पण बाहेरून येणाऱ्यांनी ती तूट भरून काढली. तमिळनाडूचा वाटा मात्र साडेसात टक्क्यांवरून सहाच्या आसपास येतो, केरळचा ३.९ वरून २.८ वर, आणि राजस्थानचा पावणेपाचावरून साडेपाचाच्या पुढे जातो.

दुसरी गोष्ट अशी की, आमदारांचे मतमूल्य हा या निवडणुकीचा निम्मा भाग आहे. उरलेला निम्मा खासदारांचा. २०२२ साली ७७६ खासदारांच्या प्रत्येकी ७०० मूल्याच्या मतांची बेरीज ५,४३,२०० झाली, म्हणजे दोन्ही पारडी जवळपास समान. खासदारांच्या जागा जुन्याच वाटपाप्रमाणे राहिल्या आणि केवळ मतमूल्याचा आकडा बदलला, तर वर सांगितलेला परिणाम निम्म्यावर येईल. आज वर्तमानपत्रांत या दोन गोष्टी एकत्र करून लिहितात आणि वाचकाचा गोंधळ होतो. लोकसभेच्या जागा हा फार मोठा प्रश्न आहे, कारण त्यावर सरकार ठरते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील मतमूल्य हा स्वतंत्र आणि लहान प्रश्न आहे, आणि तो आधी सोडवता येईल.

लहान म्हणजे क्षुल्लक असे मात्र मी म्हणत नाही. १९६९ ची निवडणूक पाहा. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५ आणि नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ मते होती. तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रातील अर्थमंत्रिपद सोडले होते. त्यांना १,१२,७६९ मते मिळाली. कोणालाही कोटा, म्हणजे एकूण वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक मते, गाठता आला नाही, म्हणून दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली, आणि अखेरीस गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. फरक १४,६५० चा, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. अशी निवडणूक पुन्हा झाली, तर तमिळनाडूच्या वाट्यातून गेलेला दीड टक्का निम्मा करून धरला तरी राष्ट्रपती कोण होणार हे ठरवण्याइतका जड पडू शकतो.

माझे मत असे आहे की, नवी लोकसंख्या धरावी, पण एकटी धरू नये. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना कराचा वाटा देताना हेच केले. २०११ च्या लोकसंख्येला १५ टक्के भार दिला आणि जननदर आटोक्यात ठेवण्याच्या कामगिरीला वेगळा १२.५ टक्के भार दिला. पैशाच्या वाटपात जे जमले ते मतांच्या वाटपात जमणार नाही असे मानायला मी तयार नाही, मात्र त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. खतावणीकाकांचे आकडे घेऊन मी मुलीबरोबर पुन्हा बसलो. २०११ प्रमाणे महाराष्ट्राचे मतमूल्य ३९० आले आणि केरळचे २३९. आज १७५ आणि १५२ आहेत, म्हणजे केरळचा आमदार आपल्या आमदाराच्या जवळपास बरोबरीने उभा आहे. नव्या हिशेबात तो दोन तृतीयांशाच्याही खाली जातो. पानावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर मला माझा मूळ आग्रह जसाच्या तसा धरवत नाही. नवी जनगणना धरली पाहिजे या मतावर मी ठाम आहे, परंतु ताईंनी सांगितलेले वचन मोडून ती धरू नये, हे आता मला मान्य आहे. राजापूरकरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्यापाशी नाही.

या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते, त्यामुळे आमदाराने आपल्या विवेकाने मत द्यावे हीच घटनेची अपेक्षा आहे. म्हणून मी आमच्या आमदारांना पत्र लिहायचे ठरवले आहे. जुलै २०२७ पर्यंत जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत, तर १९७१ चेच मतमूल्य पुन्हा लागू होईल, हे त्यांना माहीत आहे का आणि त्याबद्दल सभागृहात चर्चा मागणार का, एवढेच मी त्यात विचारणार आहे. मुलीने वहीच्या पानावर केलेली दोन्ही गणिते सोबत जोडतो.

मैलापूरची मराठी

दादा, पत्राचा मजकूर येथे टाकावा. मी त्याचा तमिळ अनुवाद करून आजींकडून वाचून घेते आणि येथील आमच्या आमदारांना त्यांच्याच सहीने पाठवते.