रात्रीत पीआरचा नंबर बदलतो, पण काहीच पार्टचा. का?

सॅपने_झालाय_ताप:
मंडळी नमस्कार, भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत पर्चेसला आहे. पंप असेंब्ली करतो आम्ही, कस्टमर दर आठवड्याला शेड्यूल पाठवतो. सहा महिने झाले सॅप (खरेदी, स्टॉक सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर) येऊन, त्याआधी सगळं एक्सेलवर होतं आणि खरं सांगू तर सुखात होतो.

प्रॉब्लेम असा की रात्री एमआरपीचा (कुठला पार्ट कधी, किती लागेल याचा हिशेब) जॉब चालतो, सकाळी मी पीआरची (सिस्टीमने काढलेली खरेदीची मागणी) लिस्ट काढतो आणि त्यातले महत्त्वाचे नंबर व्हेंडरला व्हॉट्सअ‍ॅप करतो, की बाबा हा माल लागणारे, तयारीला लाग, पीओ (पक्की ऑर्डर) दोन दिवसांत पाठवतो. दुसऱ्या दिवशी बघावं तर तो नंबरच गायब. तोच पार्ट, नवीन नंबर, कधी तारीख वेगळी. व्हेंडर म्हणतो साहेब तुम्ही रोज नवीन काय पाठवताय, एकाने तर दोन्ही वेगवेगळे धरून डबल सील बनवून ठेवले, आता ते कोण घेणार. गंमत म्हणजे सगळ्या पार्टचं असं होत नाही, काहींचा नंबर १५-१५ दिवस हलत नाही. कन्सल्टंटला विचारलं तर "सिस्टीम तशीच आहे" म्हणाला. कुणाला पॅटर्न माहितीये का?

नेटचेंजवाला:
दादा पॅटर्न आहे. दोन सेटिंग एकत्र आल्यावर असंच दिसतं.

पहिली, तुमचा रात्रीचा जॉब नेट चेंजवर असणार. म्हणजे सिस्टीम सगळे पार्ट रोज प्लॅन करत नाही. ज्या पार्टचा स्टॉक, मागणी किंवा बीओएम (असेंब्लीत काय काय लागतं त्याची यादी) बदललं त्याची नोंद प्लॅनिंग फाइलमध्ये पडते आणि रात्री फक्त तेवढेच पार्ट घेतले जातात. ज्याला कुणी हात लावला नाही तो तसाच, म्हणून त्याचा नंबर १५ दिवस हलत नाही.

दुसरी, प्लॅनिंग मोड बहुतेक ३ टाकलाय. ३ म्हणजे त्या पार्टचे फर्म (पक्के) नसलेले सगळे जुने प्रपोजल, म्हणजे पीआरसारखी सजेशन, पुसायचे आणि पहिल्यापासून नवीन बनवायचे. गरज तीच असली तरी नंबर नवा. मोड १ असेल तर जुनं प्रपोजल ठेवून जमेल तिथे क्वांटिटी आणि तारीख अ‍ॅडजस्ट करतो. सिस्टीम सुरू होताना, गो-लाइव्हच्या वेळी टेस्टिंगला ३ लावतात आणि नंतर काढायला विसरतात, हे मी तीन ठिकाणी बघितलंय.

आणि तारीख का उडते ते हिशेब मांडल्याशिवाय कळणार नाही. समजा ऑइल सील. हातात ३५०, सेफ्टी स्टॉक (कायम राखून ठेवायचा) १००, दुसऱ्या आठवड्यात २०० चा पीओ येणार, मागणी दर आठवड्याला २०० अशी चार आठवडे. पहिल्या आठवड्यानंतर १५० उरले, दुसऱ्यात २०० आले २०० गेले, परत १५०. तिसऱ्यात मायनस ५०. सेफ्टी धरून १५० कमी पडतात, पण एमओक्यू (कमीत कमी ऑर्डर) ५००, म्हणून ५०० चं सजेशन तिसऱ्या आठवड्यासाठी. लीड टाइम (ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा वेळ) २१ दिवस, तेवढे मागे गेलं की ऑर्डर साधारण आजच टाकायला हवी.

आता कस्टमरने शेड्यूल रिवाइज केलं, चौथ्यातले ६० दुसऱ्यात ओढले. एकूण मागणी तेवढीच ८००. पण दुसऱ्या आठवड्याला १५० अधिक २०० वजा २६०, उरले ९०. सेफ्टीपेक्षा फक्त १० कमी! त्या १० नगांसाठी अख्खं ५०० चं सजेशन एक आठवडा आधी ओढलं जातं आणि ऑर्डरची तारीख मागच्या आठवड्यातली दाखवते. तुम्ही सकाळी लाल बत्ती बघून घाबरता आणि व्हेंडरला फोन लावता, तो बिचारा शिव्या घालतो. याला नर्व्हसनेस म्हणतात, शब्द बरोबर आहे, कारण नर्व्हस आपणच होतो.

सॅपने_झालाय_ताप:
अरे बापरे, १० नगांसाठी. हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मग मी व्हेंडरला काय पाठवू? पीओ झाल्यावर पण असंच पुसेल का?

नेटचेंजवाला:
नाही, पीओला एमआरपी हात लावत नाही. फक्त मेसेज देते, १० म्हणजे आधी मागवा, १५ म्हणजे पुढे ढकला, २० म्हणजे रद्द करा. करायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं, आणि नाही केलं तर रोज तोच मेसेज दाखवत बसेल. पीआर कच्चीच समजा, तिचा नंबर बाहेर पाठवूच नका. अगदीच पाठवायची असेल तर आधी फर्म करा. पीआर उघडून तारीख किंवा क्वांटिटी हाताने बदलली तरी ती फर्म होते, एमडी०४ ला (त्या पार्टचा स्टॉक आणि मागणी दाखवणारी स्क्रीन) तिच्यापुढे स्टार येतो, मग रन तिला पुसत नाही. जवळच्या दिवसांसाठी टाइम फेन्स (ठरावीक दिवसांचं कुंपण) लावता येते, पार्टच्या सेटिंगमध्ये एमआरपी टाइप पीडी च्या जागी पी१. फेन्सच्या आतलं आपोआप फर्म, नवीन सजेशन फेन्सच्या शेवटाला ढकललं जातं. पण मग आतलं शॉर्टेज डोळ्यांनी बघायला माणूस लागतो हे विसरू नका.

स्टोअरमधली_ताई:
दादा पर्चेसवाल्यांना राग येईल पण बोलते. एमआरपीला शिव्या घालायच्या आधी जुने पीओ बघा. आमच्याकडे एका बेअरिंगचा पीओ होता, व्हेंडरने ५०० मधले ४८० दिले आणि बाकीचे २० द्यायचे नाहीत असं फोनवर ठरलं. फोनवर! पीओवर डिलिव्हरी कम्प्लिटेडची टिक कुणीच मारली नाही. असे सात-आठ पीओ साठले आणि सिस्टीम आपली म्हणतेय की १४० नग येणारेत, म्हणून सजेशनच देईना. रॅकवर मी स्वतः मोजले, ११ नग होते. दुपारच्या शिफ्टला लाइन थांबली आणि सगळे स्टोअरवर आले ओरडत.

उलटंही होतं. माल गेटवर आलेला असतो, इन्स्पेक्शनसाठी पडलाय, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) दोन दिवस झाली नाही, तर स्टॉकमध्ये दिसत नाही आणि पीओ मात्र लेट दाखवतो. तुमचे मेसेज निम्मे तरी यातलेच असतील बघा.

कोल्हापूरी_फाउंड्री:
आम्ही सॅपऐवजी ईआरपीनेक्स्ट वापरतो, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, ओपन सोर्स. आमच्याकडे तुमच्या बरोब्बर उलटा त्रास भावा. रीऑर्डर लेव्हलच्या खाली गेलं की मटेरियल रिक्वेस्ट आपोआप बनते, पण ती नंतर कुणी पुसत नाही. प्रोजेक्टेड क्वांटिटी (पुढे किती माल हातात असेल) काढताना तीपण धरली जाते, त्यामुळे मागच्या दिवाळीतली एखादी बेंटोनाइटची (साच्याच्या वाळूत घालायची माती) रिक्वेस्ट उघडी राहिली की सिस्टीमला वाटतं सांगून झालंय, गप्प बसते. मग हाताने स्टॉप करावी लागते. आमच्याकडे दर शनिवारी चहाच्या आधी तेवढंच काम.

सॅपने_झालाय_ताप:
ताई राग कसला, आज दुपारी बसलो लिस्ट काढून. तारीख उलटून गेलेले ४१ पीओ लाइन उघडे निघाले, त्यातले २६ आमचेच, टिक न मारलेले. मारले. आयटीवाल्याने जॉबचा व्हेरियंट (सेव्ह केलेलं सेटिंग) उघडून दाखवला, मोड ३ च आहे. १ करायला म्हटलं तर म्हणतो चेंज रिक्वेस्ट भरा, अप्रूव्हलला आठवडा. तोपर्यंत व्हेंडरला फक्त पार्ट नंबर आणि महिना लिहून पाठवतोय, पीआर नंबर बंद.

एकच राहिलं, एमडी०४ आणि एमडी०५ मध्ये आकडे वेगळे येतात माझ्याकडे, ते का?

नेटचेंजवाला:
०५ म्हणजे शेवटच्या रनच्या वेळचा फोटो. ०४ आत्ताचं. सकाळी ११ ला जीआरएन झाली तर ०५ ला ती उद्याच दिसेल. फोन लावायच्या आधी ०४ बघत जा.

स्टोअरमधली_ताई:
आणि ते डबल सील बनवून ठेवलेत त्यांचं काय झालं?

सॅपने_झालाय_ताप:
घेतोय ताई हळूहळू. पुढच्या महिन्याच्या पीओत धरले. व्हेंडर अजून फोनवर नीट बोलत नाही.